आधी रस्ता, मग नळ

बाजारपेठेतला रस्ता कसा बांधावा, याचा क्रम अभियांत्रिकीच्या पुस्तकात तळापासून वर जातो. सर्वांत खाली सांडपाण्याची वाहिनी, तिच्या वर आणि तिच्यापासून अंतर राखून पिण्याच्या पाण्याचा पाइप, कडेने विजेच्या व दूरसंचाराच्या केबली, दोन्ही अंगांना नाल्या, आणि हे सगळे उरकल्यावर वरचे सिमेंट. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले पुसेगाव (सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे साताऱ्याकडचे पुसेगाव वेगळे) आणि मराठवाड्यातली त्याच्यासारखी मोठी गावे येथे हा क्रम बहुधा वरून खाली येतो. आधी रस्ता चकाचक होतो, मग त्याच्या खालच्या वस्तू आठवतात. यात कोणाचे अज्ञान नसते. काम जमिनीच्या थरांप्रमाणे होत नाही, निधीच्या थरांप्रमाणे होते, एवढेच.

रस्त्याचा पैसा अनेक वाटांनी येतो. ग्रामविकास विभागाचे प्रसिद्ध 2515 हे लेखाशीर्ष, आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी. ज्याला जिथून जमेल तिथून. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला 40 टक्के मोकळा. नळाचा पैसा जलजीवन मिशनचा. 15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या या योजनेत प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज किमान 55 लिटर पाणी द्यायचे ठरले. महाराष्ट्रात खर्चाचा भार केंद्र आणि राज्य यांच्यावर निम्मा-निम्मा. ऑप्टिकल फायबर भारतनेटचे, विजेचे खांब महावितरणचे. प्रत्येक कामाला आपापले अंदाजपत्रक, आपापली प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, आपापला कंत्राटदार, आपापली मोजमाप पुस्तिका. कागदावर यातले एकही काम दुसऱ्याच्या आड येत नाही. ती सगळी भेटतात ती थेट बाजारपेठेत.

या शर्यतीत रस्ता पुढे निघतो, कारण तो तुकड्याने बांधता येतो. शे-दोनशे मीटरचा तुकडा एका उन्हाळ्यात होतो, मार्चअखेर देयक निघते आणि टोकाला नामफलक उभा राहतो. पाणीपुरवठा योजनेला उद्भव, विहीर, पंपगृह, उंच टाकी, मुख्य वाहिनी आणि मग गल्लीबोळातली वितरण व्यवस्था असा लांबचा पल्ला असतो. टाकीला नारळ फुटतो. जमिनीखालून जाणाऱ्या पाइपाला तो मान नाही.

पाइप आला की कटर आणि जेसीबी येतात. दीड-दोनशे मिलिमीटर जाडीचे काँक्रीट रेघ मारून कापायचे, पाऊण ते एक मीटर खोल चर घ्यायचा, काळा एचडीपीई पाइप अंथरायचा आणि चर बुजवायचा. खरी मेख बुजवण्यात आहे. हा सगळा भाग दख्खनच्या बेसॉल्टवरचा; त्यावर काळी माती. तिच्यातली चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. कापसाला, हळदीला, सोयाबीनला जी माती मानवते, तिच्याइतकी वाईट वस्तू रस्त्याच्या पोटात घालायला दुसरी नाही. म्हणून चरात मुरूम पातळ थरांनी टाकून, प्रत्येक थरावर पाणी मारून दबाई करावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात चरातून निघालेलीच माती बकेटने आत लोटली जाते, वरून जेसीबीचे चाक एकदा फिरते आणि दबाईची उरलेली जबाबदारी पहिल्या पावसावर आणि ऊस-सोयाबीनच्या ट्रॉल्यांवर सोपवली जाते. पावसाळ्यात चर बसतो. दोन बाजूंना शाबूत सिमेंट आणि मध्ये लांबच लांब खाच असा रस्ता तयार होतो, ज्यात दुचाकीचे चाक अलगद शिरते आणि सहजासहजी निघत नाही.

खाच बुजवण्यासाठी वरून पुन्हा काँक्रीट पडते. जुना थर उखडून नवा घालणे खर्चिक, म्हणून नवा थर जुन्यावरच चढतो. दोन-तीन निवडणुकांत रस्ता असा वीतभर उंच होतो. घरे आणि दुकाने मात्र बांधली तिथेच राहतात. ज्या ओट्यावर चढून जावे लागे, त्यावरून आता उतरावे लागते. पूर्वी अंगणातले पाणी रस्त्यावर जाई, आता रस्त्यावरचे अंगणात येते. नाली रस्त्यापेक्षा खाली असावी हे खरे, पण ती इतकी खाली जाते की तिच्यावर फरशी टाकून दुकानदार जागा वापरू लागतात, आणि झाकलेली नाली साफ करण्याचा प्रश्न आपोआप मिटतो.

नळाचा आणि नालीचा संबंध याहून गंभीर आहे. वाहिनी रस्त्याच्या एका अंगाला, घरे दोन्ही अंगांना. त्यामुळे नळजोडणीचा अर्ध्या इंचाचा पाइप नालीत उतरून किंवा नालीच्या भिंतीतून घरात जातो. पाणी चोवीस तास असेल तर आतला दाब बाहेरच्या घाणीला अडवतो. पण एकदिवसाआड किंवा चार दिवसांआड पाणी सुटते, तिथे बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो. पुरवठा बंद होताना आत पोकळी निर्माण होते आणि सैल जोडातून नालीतले पाणी ओढले जाते. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिल्या बादलीचा रंग कशामुळे बदलतो, हे घरोघरच्या बायकांना कोणत्याही प्रयोगशाळेआधी माहीत असते; ती बादली त्या न बोलता ओतून देतात.

अंदाजपत्रकात रस्ता पूर्ववत करण्याची बाब असते तेव्हाही ती क्रमाने शेवटची असते आणि पैसा संपण्याची जागाही साधारण तीच. जलजीवन मिशनची मूळ मुदत 2024 ची होती; 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात ती 2028 पर्यंत वाढवण्यात आली. 2025 मध्येच राज्यातल्या कंत्राटदारांनी थकलेल्या देयकांसाठी आंदोलने केली. पाइप टाकला आणि बिल अडकले, की चरावरचे सिमेंट कोण घालणार, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

जमिनीखालच्या वाहिन्यांचे शास्त्र मराठवाड्याला नवे नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरीचे पाणी जमिनीखालून आणले तेव्हा वाहिनी तपासण्यासाठी जागोजागी तोंडे ठेवली. लंडनमध्ये 1861 साली गॅरिक स्ट्रीटखाली वाहिन्यांसाठी माणूस शिरू शकेल असा बोगदा बांधला गेला. बाजारपेठेच्या गावाला बोगद्याची चैन परवडणार नाही आणि गरजही नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी ठरावीक अंतरावर रस्त्याच्या आडवे रिकामे पाइप टाकून ठेवले, तर पुढची नळजोडणी आणि केबल त्यातूनच ओवता येते. खर्च रस्त्याच्या खर्चापुढे किरकोळ. अडचण अशी की रिकाम्या पाइपासाठी लेखाशीर्ष नाही आणि त्याचे लोकार्पणही करता येत नाही.

खाली काय आहे याची नोंद हा आणखी एक सोपा उपाय. खोदाई करणाऱ्याने आधी विचारावे यासाठी केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणले. त्याचा भर केबल, गॅस, पाइप अशा वाहिन्यांच्या मालकांना गाठून देण्यावर आहे. मोठ्या गावातली जुनी वितरण वाहिनी मात्र ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असते. कोणत्या चौकात व्हॉल्व्ह सिमेंटखाली गाडला गेला, कोणत्या दुकानासमोर जुना बिडाचा पाइप वळतो, हे त्याला पाऊलभराच्या अचूकतेने सांगता येते. तो निवृत्त झाला की नकाशाही निवृत्त होतो.

योजना पूर्ण झाली की ती ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते: टाकी, पंप, पाइप, नळजोडण्या आणि त्यांची दुरुस्ती, सगळे वसूल होईल तेवढ्या पाणीपट्टीवर. पहिली गळती नव्या सिमेंटखालीच निघाली, तर ते फोडण्याचा खर्चही त्याच पाणीपट्टीतून. परवानगी मात्र लागत नाही, कारण या वेळी खोदणारी ग्रामपंचायत स्वतःच असते.