एंजिन बदललें म्हणजे मोटार बाटली काय?

जुन्या मोटारींच्या शोकिनांत एक वाद बरींच वर्षें धुमसत आहे. इंग्लंडांतील एखाद्या गृहस्थानें आपल्या जुन्या एमजीबी स्पोर्ट्‌स मोटारींतील मूळचें एंजिन काढून तेथें जपानच्या माझदा कंपनीचें रोटरी एंजिन बसविलें, कीं सनातनी पक्ष कानांवर हात ठेवतो. मोटारीचें मूळ रूप भ्रष्ट झालें, तिचा आत्मा गेला, इंग्रजी देहांत जपानी काळीज घातल्यानें तिचें कूळ बुडालें, असा त्याचा त्रिविध आक्रोश असतो. यंत्रशाळेंतल्या ह्या भांडणाला साहित्याच्या मासिकांत जागा कशाला, असें कोणी विचारील. परंतु ‘मूळ’ म्हणजे काय आणि जपावयाचें तें कशासाठीं, हा प्रश्न पोथीच्या संपादनांत व देवळाच्या जीर्णोद्धारांत जसा आहे, तसाच तो येथेंहि आहे. म्हणून त्याचा विचार आक्रोशानें न करतां विवेकानें केला पाहिजे.

प्रथम त्या परक्या यंत्राची ओळख करून घेऊं. नेहमींच्या एंजिनांत दट्ट्ये वरखालीं होतात आणि त्या हेलकाव्यांतून चक्राकार गति उत्पन्न करावी लागते. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल ह्यानें दट्ट्याच काढून टाकला. त्याच्या यंत्रांत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण बंदिस्त कोठडींत फिरत राहतो आणि फिरतां फिरतांच वायु आंत घेणें, दाबणें, पेटविणें व बाहेर टाकणें हीं चारी कामें उरकतो. एनएसयू कंपनींत असें पहिलें यंत्र १९५७ सालीं चाललें. पुढें माझदानें तें चिकाटीनें सुधारलें, १९७८ सालीं आरएक्स-७ ही मोटार काढली आणि १९९१ सालीं ह्याच जातीच्या एंजिनावर ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आरएक्स-७ चें पहिलें एंजिन अवघें ११४६ घनसेंटिमीटरांचें. आकारानें लहान, वजनानें हलकें आणि वेग वाढला तरी न थरथरणारें.

आतां ज्याच्या वियोगानें हे लोक गळा काढतात, तें एमजीबीचें मूळ एंजिन पाहूं. एमजीबी १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन येथें तयार होत होती. तिचें १७९८ घनसेंटिमीटरांचें एंजिन ओतीव लोखंडाचें, दणकट व भरंवशाचें होतें, ह्यांत शंका नाहीं. पण तें स्पोर्ट्‌स मोटारीसाठीं जन्मलें नव्हतें. ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या ज्या ‘बी’ कुळांतलें तें, त्याच कुळांतलें एंजिन मॉरिस ऑक्सफर्ड ह्या कुटुंबवत्सल मोटारींत होतें. आणि त्याच कुळांतलें १४८९ घनसेंटिमीटरांचें भावंड आपल्याकडील ॲम्बॅसिडरनें पुष्कळ वर्षें वागविलें. एमजीबीचा आत्मा त्या लोखंडांत वसत असेल, तर कलकत्त्याच्या टॅक्सींतहि तोच आत्मा वसत होता असें म्हणावें लागेल. इतकेंच नव्हे, त्या ॲम्बॅसिडरला १९९० नंतरच्या दशकांत कारखान्यानेंच इसुझूचें १.८ लिटरचें जपानी एंजिन दिलें. तेव्हां ती बाटली असें कोणी म्हटल्याचें स्मरत नाहीं. २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें, तेव्हां लोक हळहळले ते ॲम्बॅसिडरसाठीं. एंजिनाचें गोत्र कोणी विचारलें नाहीं.

खुद्द एमजीच्या घरांत तरी हें सोंवळें कोठें पाळलें गेलें? १९६७ सालीं कारखान्यानें त्याच देहांत जड सहा-सिलिंडरी एंजिन कोंबून एमजीसी काढली. तिचें नाक जड झालें, जाणत्यांनीं नापसंती दाखविली आणि दोनच वर्षांत ती बंद पडली. पुढें केन कॉस्टेलो ह्या खासगी कारागिरानें रोव्हरचें ॲल्युमिनियमचें व्ही-८ एंजिन एमजीबींत बसवून दाखविलें, आणि १९७३ सालीं कारखान्यानें तोच कित्ता गिरविला. म्हणजे कारखान्यानें केलें कीं सुधारणा आणि गृहस्थानें आपल्या पडवींत केलें कीं पातक! हा न्याय नव्हे. ही मुद्रेची पूजा आहे. सरकारदरबारींहि एंजिनाला एवढें माहात्म्य नव्हतें. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्यानें फेरफार केलेल्या मोटारीची ओळख ठरविण्यास अनेक वर्षें जी गुणपद्धति वापरली, तींत मूळ सांगाड्यास ५ गुण होते आणि एंजिनास केवळ १.

तथापि ‘वाटेल त्या मोटारींत वाटेल तें बसवा’ असें म्हणणाऱ्यांचा मी वकील नाहीं. १९६७ सालची एनएसयू आरओ-८० पाहा. ती मोटार वांकेल एंजिनाभोवतींच कल्पिलेली होती. तें नसतें तर ती तशी झालीच नसती. त्या एंजिनाच्या कडांवरील पट्ट्या लवकर झिजूं लागल्या, तेव्हां इंग्लंडांतील अनेक मालकांनीं तें काढून फोर्डचें व्ही-४ बसविलें. त्यांची अडचण मला समजते. पण तेथें मोटारीचा विचारच मारला गेला. जग्वार ई-टाइपचें एंजिनहि असेंच. त्याच्या वंशानें १९५१ ते १९५७ ह्या काळांत ल मांची शर्यत पांच वेळां जिंकली होती. तें काढणें म्हणजे गाभाऱ्यांतली मूर्ति हलविणें होय. एमजीबीचा गाभारा मात्र निराळा आहे. तिचा सुबक सांगाडा, बसण्याची ठेंगणी जागा आणि चारचौघांस परवडणारा आनंद, हा तिचा खरा विचार. आणि हलक्या, चपळ रोटरीनें तो मोडत नाहीं. एंजिन हा मोटारीचा विचार आहे कीं केवळ सोय आहे, हीच कसोटी प्रत्येक वेळीं लावली पाहिजे.

रोटरी पेट्रोल अधिक पिते, तेलहि जाळते, मंद गतींत तिचा जोर कमी पडतो, हे दोष खरे आहेत. परंतु ते मालकाच्या खिशाचे व सोशिकपणाचे प्रश्न आहेत, धर्माचे नव्हत. धर्माचे प्रश्न दुसरेच. सांगाडा कापूं नये. काढलेलें एंजिन भंगारांत न विकतां जपून ठेवावें, म्हणजे पुढच्या पिढीला मागें वळतां येईल. आणि मोटार विकतांना केलेला बदल स्पष्ट सांगावा. जो हे तीन नियम मोडतो त्यास खुशाल दोष द्या. मीहि देईन.

पांच लाखांहून अधिक एमजीबी निर्माण झाल्या. त्यांतल्या कांहीं अक्षरशः जशाच्या तशा राखाव्या, ह्याला कोणाचीच ना नाहीं. पण उरलेल्या सर्वांना एकच सोंवळें नेसवून आच्छादनाखालीं निजविणें ही निष्ठा नव्हे. वर्षानुवर्षें न हललेल्या, कागदोपत्रीं निष्कलंक मोटारीपेक्षां परकें काळीज घेऊन रस्त्यावर धांवणारी मोटार तिच्या निर्मात्यांच्या हेतूला अधिक प्रामाणिक आहे. त्यांनीं ती धांवण्यासाठीं केली होती.