थुंब्याच्या रॉकेटवर पुन्हा तापमापक हवा का?

हवामान खात्याचा फुगा साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवर फुटतो, आणि उपग्रहाला दीडशे किलोमीटरच्या खाली फार काळ तग धरता येत नाही. मधल्या पट्ट्यातल्या हवेचे तापमान तिथे जाऊनच मोजायचे, तर रॉकेटशिवाय दुसरे वाहन नाही. केरळातल्या थुंब्याहून डिसेंबर 1970 पासून दोन दशकांहून अधिक काळ दर आठवड्याला सोव्हिएत बनावटीचे एम-100 रॉकेट याच कामासाठी उडत असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती मालिका थांबली. आता तिथून उडणारे आपले रोहिणी आरएच-200 अतिशय भरवशाचे आहे; नोव्हेंबर 2022 मध्ये त्याने सलग 200 यशस्वी उड्डाणे पूर्ण केली. पण ते प्रामुख्याने तांब्याचे बारीक तंतू वर सोडते, आणि ते तंतू कसे वाहत जातात यावरून रडार वारा मोजते. तापमान त्यातून कळत नाही. मग तापमान मोजणारी उड्डाणे पुन्हा नियमित सुरू करावीत का?

‘नको’ म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. डिसेंबर 2001 मध्ये सोडलेल्या ‘टाइम्ड’ उपग्रहावरचे ‘सेबर’ हे उपकरण रोज जगभरात हजाराहून अधिक ठिकाणी तापमानाचा उभा आलेख काढत आले. रॉकेट एका जागेचा, काही मिनिटांचा आलेख देते आणि संपते. आंध्रातल्या गादंकीचा लायडार निरभ्र रात्री लेसरच्या झोताने तेच काम तासन्‌तास करू शकतो.

शिवाय रॉकेटवरचा तापमापकही निर्दोष नाही. ऐंशी किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे एक लाखांश उरतो. एम-100 च्या नाकाशी बसवलेल्या अतिबारीक तारांना तिथे हवेचे रेणू इतके विरळ भेटतात, की ऊन, तारेतून वाहणारी वीज आणि वेगामुळे होणारे घर्षण या तिन्हींची ऊब हवेच्या तापमानावर मात करू लागते. साठ किलोमीटरच्या वर तर नोंदलेल्या आकड्यात मोठी दुरुस्ती केल्याशिवाय तो वापरताच येत नाही. अमेरिकेने यावर एक वेगळा तोडगाही काढला: तापमापकाशिवायच तापमान काढायचे. शंभर किलोमीटरच्या आसपास एक मीटर व्यासाचा हलका गोल फुगवून सोडायचा, तो पडताना किती अडतो हे रडारने पाहायचे, त्यावरून हवेची घनता आणि घनतेवरून तापमान काढायचे.

इतके असूनही आमचा कौल पुन्हा सुरू करण्याच्या बाजूने आहे. सेबर कार्बन डायऑक्साइडने सोडलेले अवरक्त किरण वाचते. त्यावरून तापमान काढायला वर तो वायू किती आहे हे आधी माहीत असावे लागते, आणि साधारण सत्तर किलोमीटरच्या पुढे किरणांचे व तापमानाचे सरळ नातेही तुटते. हाच वायू वाढतो आहे, आणि त्याच्या वाढीचा परिणाम आपल्याला मोजायचा आहे. लायडारला सर्वांत वरच्या टोकाचे तापमान गृहीत धरावे लागते, आणि पावसाळ्यात ढग त्याची वाट अडवतात. पडणारा गोल किंवा तारेचा तापमापक यांच्या गणितात कार्बन डायऑक्साइड येत नाही. त्यांच्या चुका आहेत, पण त्या वेगळ्या आहेत. म्हणून उपग्रहाची पडताळणी करायला ते योग्य साक्षीदार ठरतात.

ही पडताळणी महत्त्वाची आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की खालची हवा तापते आणि वरची थंडावते, हे मानाबे आणि वेदराल्ड यांनी 1967 मध्येच गणिताने दाखवले होते. थुंब्याच्या त्या जुन्या नोंदींवरून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील गुफरान बेग आणि सुवर्णा फडणवीस यांनी 2001 मध्ये विषुववृत्ताजवळचे वरचे वातावरण थंडावत असल्याचे मांडले. आठवड्यामागून आठवडा नेटाने उडवलेल्या त्या रॉकेटांमुळेच हे शक्य झाले. उडवणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्या नोंदींचा असा उपयोग होईल याची कल्पनाही नसेल. त्याहून वरची हवा थंडावून विरळ झाली की मोडक्या उपग्रहांचा कचरा कक्षेत अधिक काळ फिरत राहतो, म्हणजे हा प्रश्न अवकाश कार्यक्रमाच्या सुरक्षिततेचाही आहे.

मात्र जुना साप्ताहिक क्रम तसाच आणण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. तेवढा खर्च आज समर्थनीय नाही, कारण रोजची नोंद उपग्रह देतात. महिन्याला दोन उड्डाणे, एक दिवसा आणि एक रात्री, उपग्रह माथ्यावरून जातो त्याच वेळी साधलेली, एवढे पुरेसे आहे. संवेदक दर काही वर्षांनी बदलायचा मोह मात्र टाळला पाहिजे. शोधायचा बदल दशकाला एक-दोन अंशांचा असतो, आणि नव्या उपकरणाने त्याहून मोठी खोटी उडी आलेखात येऊ शकते. बदल करावाच लागला तर जुना-नवा संवेदक काही काळ बरोबरीने उडवावा, आणि प्रत्येक आकड्यासोबत त्यात केलेली दुरुस्तीही छापावी.

टाइम्डची आखणी दोन वर्षांसाठी होती. तो दोन दशकांहून अधिक चालला. त्याच्यासारखे उपग्रह चालू असतानाच रॉकेटची नवी मालिका सुरू झाली पाहिजे. ते बंद पडल्यावर उडवलेल्या रॉकेटांना वीस वर्षांच्या त्या नोंदींची पडताळणी करता येणार नाही.