गुरं हाकलून जंगल वाचत नाही

साथींनो,

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव घना नावाचं पाणथळ रान आहे. लांबच्या देशांतून तिथं पाखरं उतरतात. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या तिथं चरायच्या. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून चराई बंद केली. लोक विरोधाला उभे राहिले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पुढं काय झालं? म्हशी खायच्या ते गवत माजलं, पाण्यावर पसरलं, पाखरांना मोकळं पाणी मिळेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि सांगितलं, म्हशींचं चरणं त्या तळ्यांना हवंच होतं. मेलेली माणसं मात्र परत आली नाहीत.

आपल्याला याचं काय? आपल्यातलेच काही म्हणतात, धनगर-गवळ्यांना जंगलात बंदी करा, बरं होईल. कोवळ्या फुटव्यात मेंढरं शिरली की नुकसान होतं, हे खरं. पण त्याला इलाज बंदी नाही, नियम आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. कुठं चारायचं, कधी चारायचं, कुठला तुकडा मोकळा सोडायचा, हे त्यांच्यासोबत बसून ठरवा.

ध्यानात ठेवा, २००६ च्या याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आपले हक्क आहेत, तसाच फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्कही आहे. अभयारण्यातसुद्धा हक्कांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हुसकता येत नाही. वन्यजीवांसाठी जागा रिकामी करायची तर ग्रामसभेची लेखी संमती लागते. आज त्यांच्या बाबतीत हे डावललं, तर उद्या आपल्या बाबतीत कोण पाळणार? मेंढपाळाला आज जे अतिक्रमक म्हणतात, ते काल आपल्यालाही तेच म्हणत होते.

बिगर-आदिवासी पशुपालकाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. त्याच्याकडं कागद कुठला? पण गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. ‘यांचे आजे-पणजे याच रानात गुरं आणायचे,’ हे आपल्या आजोबा-आजींनी डोळ्यांनी पाहिलंय, बापजाद्यांकडून ऐकलंय. येत्या ग्रामसभेत त्यांना बोलवा, जबाब लिहून घ्या, अंगठे-सह्या घ्या, एक प्रत गावाकडं ठेवा.

फूट पडली तर दोघंही जाऊ. एकीनं राहिलो तर जंगलही राहील, गुरंही राहतील, आपणही राहू.

जिंदाबाद!