पाखरांची शिरगणती आणि गावचा बांध

फेब्रुवारी महिन्यात चार दिवस आपल्या देशातील हजारो माणसे अंगणात, गच्चीवर, शाळेच्या आवारात किंवा तळ्याकाठी किमान पंधरा मिनिटे उभी राहतात आणि दिसेल त्या पक्ष्याची नोंद करतात. जगभर चालणाऱ्या या शिरगणतीत भारत २०१३ सालापासून भाग घेत आला आहे. तिच्यासाठी शास्त्राची पदवी लागत नाही. दयाळ कोणता आणि कोतवाल कोणता एवढे ओळखता आले, तरी कामाला आरंभ करता येतो. गोमंतकातही ही हौस वाढीला लागली आहे. हिवाळ्यात रविवारी पहाटे करमळीच्या तळ्याकाठी गळ्यात दुर्बीण अडकवलेली तरुण मंडळी भेटतात. एखाद्या आईने लहानग्याला बोटाशी धरून आणलेले असते. हा सगळा पोट भरलेल्यांचा विरंगुळा आहे, असे म्हणून नाक मुरडणारे लोक आमच्यात पुष्कळ आहेत. आम्हांस ते मत मान्य नाही. मात्र ही हौस तळ्याच्या काठावरच थांबते, काठाखालच्या शेतात उतरत नाही, हेही आमच्या लक्षात आल्यावाचून राहिलेले नाही.

प्रथम या हौसेची बाजू मांडणे न्यायाचे होईल. देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, तो सुमारे तीस हजार निरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. हे निरीक्षक बहुतांशी पगारी नोकर नव्हते. कारकून, शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी होती. त्यांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा विचार झाला. त्यांपैकी ज्या ३३८ जातींविषयी दीर्घकाळाचा कल सांगण्याइतकी माहिती हाताशी होती, त्यांतील साठ टक्के जाती घटलेल्या आढळल्या. उलट मोर आणि कोकीळ वाढले आहेत. चिमणी नाहीशी झाली अशी ओरड आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. २०२० च्या अहवालाने दाखविले की देशभराचा विचार करता चिमणी गेली पंचवीस वर्षे साधारण स्थिर आहे, मोठ्या महानगरांत मात्र ती कमी झाली. म्हणजे ओरड सर्वस्वी खोटी नव्हती आणि सर्वस्वी खरीही नव्हती. असा निवाडा भावनेने होत नाही, मोजणीनेच होतो. केरळात २०१५ ते २०२० या काळात हजारावर स्वयंसेवकांनी राज्याचे चौकोन पाडून पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पक्षी मोजले आणि तीन लाखांच्या घरात नोंदी जमविल्या. राज्य मोठे, तरी काम झाले. आपले राज्य तर तळहाताएवढे आहे.

पणजी शहरापुरते बोलायचे तर या कामाला याहून सोयीची राजधानी देशात क्वचितच सापडेल. शहराच्या एका अंगाला मांडवी, पोटात सांतिनेजची आणि ओरेंची खाडी, आणि मेरशी, सांताक्रूज, चिंबल, रायबंदर, ताळगाव या सर्व दिशांना खाजनांची सखल जमीन. पणजीहून रायबंदरला जाणारा पोर्तुगीज काळातील जुना बांधरस्ता तर मिठागरे आणि खारफुटी यांच्यामधूनच गेलेला आहे. त्या रस्त्यावरून कचेरीला जाणारा माणूस बसच्या खिडकीतून ब्राह्मणी घार, खंड्या, बगळ्यांचे थवे आणि ओहोटीच्या चिखलात चोच खुपसणारे तुतवार रोज पाहतो. पाहतो म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोरून ते जातात एवढेच. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत चोडण बेट येते. त्याच्या पश्चिम टोकाला सुमारे १७८ हेक्टरांचे खारफुटीचे रान आहे. १९८८ साली ते पक्षी अभयारण्य म्हणून राखण्यात आले आणि त्याला डॉ. सालीम अली यांचे नाव दिले गेले. डॉ. अलींचा गोमंतकाशी संबंध केवळ नावापुरता नाही. रॉबर्ट ग्रब यांच्यासह त्यांनी लिहिलेला गोव्यातील पक्ष्यांवरचा निबंध मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर हाइन्झ लायनर यांनी अनेक वर्षे राबून ती यादी वाढवीत नेली. आज या चिमुकल्या राज्यात साडेचारशेहून अधिक जातींची नोंद आहे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्या जागी आपण दुर्बीण घेऊन जातो, त्यांपैकी बहुतेक जागा निसर्गाने निर्माण केलेल्या नाहीत. त्या आपल्या वाडवडिलांनी कुदळ-फावड्याने घडविल्या आहेत. करमळीचे सुमारे सत्तर हेक्टरांचे तळे हे मुळात शेतीसाठी बांधलेले साठवणीचे पाणी आहे. पावसाळ्यात जादा पाणी वाहून जाऊ द्यायचे, पाऊस ओसरला की दारे घालून ते अडवायचे आणि खालच्या शेतांतील वायंगणाला पुरवायचे, हा तेथील क्रम. त्या उथळ पाण्यात देवभात माजते, कमळे पसरतात आणि म्हणूनच तेथे अडई, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी उतरतात. शेतकऱ्याने दार घातले नाही, तर बदक येत नाही, इतका हा सरळ हिशेब आहे. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली रामसर यादीत गेले आणि गोव्याला तो मान प्रथमच मिळाला. त्या बेचाळीस हेक्टरांच्या तळ्याचेही तसेच आहे. जुवारीच्या एका फाट्यालगतचे हे पाणी गावकरी दारे घालून अडवितात आणि त्यावर खाली भात पिकवितात.

खाजनाची रचना याहून नाजूक आहे. चिखल-मातीचा आणि दगडाचा बांध नदीला बाहेर ठेवतो. बांधातील मानस भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी सोडण्यासाठी उघडते. आत शेत, शेताच्या सखल भागात पोय, पोयीत मासळी. या व्यवस्थेची राखण शतकानुशतके गावकरी संस्थेकडे, म्हणजे पुढे ज्यांना कोमुनिदाद म्हटले गेले त्यांच्याकडे होती. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाराला त्याच्या हक्काची जमीन दिली. तो न्यायच झाला, आणि त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. परंतु जमीन ज्याची त्याची झाली, बांध मात्र सर्वांचाच राहिला. आणि सर्वांचा म्हणजे कोणाचाच नाही, ही आपली जुनी रीत. कुळांच्या संघटना निघाल्या. काही गावांत त्यांनी काम चोख केले, काही ठिकाणी त्या मानशीची पावणी घालण्यापुरत्या उरल्या. पावणीत मासळीचा हक्क घेणाऱ्याचे हित खारे पाणी आत घेण्यात असते, शेतकऱ्याचे ते बाहेर ठेवण्यात. त्या ओढाताणीत कित्येक ठिकाणी शेते खारावली. बांध फुटला, दुरुस्ती लांबली, आणि पाहता पाहता भातशेतीच्या जागी खारफुटी उगवली.

येथे पक्षीमित्र आणि शेतकरी यांची वाट दुभंगते, आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. शहरातल्या माणसाला खारफुटी वाढलेली पाहून आनंद होतो. ती तोडण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती असावयासही हवी. नदीचा काठ धरून ठेवणारी, मासळीच्या पिलांना आसरा देणारी ही झाडे आहेत. पण ज्याचे शेत फुटक्या बांधामुळे गेले, त्याच्या दृष्टीने ही झाडे म्हणजे त्याच्या जमिनीवर सरकारने घातलेले कुलूप असते. 'तुमच्या पाखरांनी आमचे भात नेले,' असे तो चिडून म्हणतो, तेव्हा त्याला अडाणी ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय पाखरांच्या बाजूनेही हा सौदा निव्वळ फायद्याचा नाही. खारफुटीत बगळा, खंड्या आणि पाणमांजर सुखाने राहतात. पण उघड्या, चिखलाळ शेतावर उतरणारे टिटवी, तुतवार, बदके यांना दाट झाडीत जागा नसते. बांध राखला गेला तर नदीच्या बाजूला खारफुटी आणि आत भात, दोन्ही नांदतात. अनेक पिढ्या ती नांदली आहेत.

कायद्याचा आधार शोधू गेले तर तोही फाटकाच निघतो. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी भातशेते, मिठागरे आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. दिल्लीत बसून हे वाक्य लिहिणाराच्या डोळ्यांसमोर गोवा नसावा. कारण आपल्याकडील पाणथळीचा मोठा हिस्सा या तीन शब्दांतच मावतो. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाजनांचे नकाशे करावेत आणि त्यांत विकासकामांना परवानगी देऊ नये, असे गोव्यासाठी स्वतंत्रपणे म्हटले होते. ते म्हणणे आणि महामार्गांच्या कडेने खाजनांत पडत गेलेला मातीचा भराव, ही दोन्ही चित्रे आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेत.

मोजणाऱ्यांचा उपयोग नेमका येथे होतो. नवी मुंबईत नेरुळच्या तळ्यावर २०२४ साली रोहित पक्षी मरून पडू लागले, तेव्हा भरतीचे पाणी आत येण्याची वाट बंद झाल्याचे तेथील नागरिकांनीच वारंवार दाखवून दिले. पक्षी किती येत होते, केव्हापासून कमी झाले, याच्या नोंदी त्यांच्यापाशी होत्या. म्हणून त्यांचे म्हणणे केवळ हळहळ म्हणून बाजूला सारता आले नाही. पाण्याची वाट आणि पाखराची वाट एकच असते हे तेथे सिद्ध झाले. आपल्याकडे उद्या एखाद्या खाजनात भराव पडला तर, 'येथे काय होते?' या प्रश्नाला दहा वर्षांच्या नोंदींनी उत्तर देऊ शकेल असे किती गाव आहेत?

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकनोंदवही असावयाची. गोव्यात १९१ पंचायती आहेत. नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे; सोनाराच्या वहीसारखी ती रोज उघडावी लागते. पक्षीनिरीक्षकांनी आपल्या याद्या परदेशी यंत्रणेच्या स्वाधीन करून समाधान मानू नये; त्यांची एक प्रत गावच्या समितीला, मराठीत किंवा कोकणीत, वर्षातून दोनदा द्यावी. नावांची अडचण पुढे करू नये. मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोशासाठी बोलीतली नावे गोळा करण्यात जे कष्ट घेतले, त्यानंतर ती सबब उरत नाही. आणि उरलेली नावे मानशीवर जाळे लावणाऱ्या माणसाला विचारावीत. पाणमांजर कोणत्या वळणावर पिले वाढविते हे तोच सांगू शकतो. जाळी फाडते म्हणून ते त्याचे वैरीही आहे. तेही ऐकून घ्यावे आणि लिहून ठेवावे.

शाळांनी करमळीला किंवा चोडणला सहल न्यावी ती केवळ हिवाळ्यात नव्हे. आषाढात शेते तुडुंब भरलेली असताना मुलांना बांधावर उभे करून मानस कशी मिटते ते दाखवावे. पाखरे तेव्हा थोडी दिसतील. पाखराचा आवाज यंत्रावर वाजवून त्याला छायाचित्रासाठी बाहेर बोलावण्याची जी खोड अलीकडे पसरली आहे, ती घरट्यांच्या दिवसांत तरी पक्षीमित्रांच्या मंडळांनी आपल्याच सभासदांकडून सोडवावी. त्यासाठी वनखात्याच्या फलकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पणजी महापालिकेकडेही आमची एक मागणी आहे. पाटो वसाहतीलगत खारफुटीतून पदपथ बांधण्यात आला, त्यावर पैसा खर्च झाला. त्या पदपथाच्या आणि दोन्ही खाड्यांच्या काठी महिन्यातून एकदा नागरिकांकडून मोजणी व्हावी आणि तिचा निकाल महापालिकेच्या सूचना-फलकावर लागावा. खाडीच्या पाण्याचा काळेपणा किती वाढला हे सांगणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा 'या महिन्यात खंड्या दिसला नाही' ही ओळ वाटसरूला लवकर कळेल.

आणि बांधांच्या दुरुस्तीचे पैसे. मृदसंधारण खात्याकडे प्रस्ताव जातात, निविदा निघतात आणि काम सुरू होईतो ढग जमू लागतात. पावसाच्या तोंडावर घातलेली माती पहिल्या उधाणालाच जाते. हे काम जानेवारीत हाती घेऊन एप्रिलअखेर पुरे व्हावयास हवे, आणि त्या मागणीच्या कागदावर शेतकऱ्याच्या सहीशेजारी दुर्बीणवाल्याचीही सही असावी.