विजेता ते वस्ताद : ऊम री यांची कहाणी

१/ लढवय्यांचा इतिहास लिहिताना आपण जिंकलेल्या लढती मोजतो आणि थांबतो. कंबोडियाचे किकबॉक्सर ऊम री यांच्या बाबतीत ही मोजणी अपुरी ठरते. त्यांचे खरे ऐतिहासिक कार्य विजेतेपदानंतरचे आहे आणि ते मायदेशी नव्हे, कॅलिफोर्नियात घडले. 🧵

२/ त्यांचा खेळ 'कुन ख्मेर'. यात मुठीबरोबर कोपर, गुडघा आणि पाय यांचेही प्रहार चालतात. लढतीपूर्वी वाद्यांच्या साथीने गुरुवंदना होते. ख्मेर भाषेत शिक्षकाला 'क्रू' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'गुरू'वरूनच आला आहे.

३/ ऊम री या खेळात विजेते म्हणून गाजले. पण १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली आणि काही दिवसांतच सारे शहर रिकामे करून माणसे शेतांवर राबायला हाकलली.

४/ जानेवारी १९७९ पर्यंतच्या या राजवटीत सुमारे १७ ते २० लाख माणसे दगावली. कुन ख्मेरवर बंदी आली; अनेक लढवय्ये मारले गेले किंवा उपासमारीने गेले. ही विद्या मुख्यतः शिक्षकाकडून शिष्याकडे जात असे. म्हणून शिक्षक गेला की त्याचे डावपेचही गेले.

५/ ऊम री वाचले. निर्वासित म्हणून ते अमेरिकेत पोहोचले आणि लाँग बीच येथे त्यांनी किकबॉक्सिंगची तालीम काढली. या शहरात कंबोडियन निर्वासितांची मोठी वस्ती होती. टोळीयुद्धांनी ग्रासलेल्या त्या काळात, आईवडिलांची भाषाही पुरती न येणाऱ्या मुलांना तेथे पूर्वजांचा खेळ शिकता येत होता.

६/ आता २०२३ कडे या. नॉम पेन्ह येथील आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत यजमानांनी हा क्रीडाप्रकार 'मुय' ऐवजी 'कुन ख्मेर' या नावाने ठेवला. थायलंडने त्यात खेळाडू उतरवले नाहीत. मूळ कोणाचे, या वादात अंगकोरच्या मंदिरांवरील शिल्पे पुरावा म्हणून पुढे केली जातात.

७/ शिल्पांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण दगडातला योद्धा गुडघा कोणत्या क्षणी उचलावा हे शिकवत नाही. १९७९ नंतर परंपरा टिकली ती जिवंत राहिलेल्या वस्तादांमुळे. एका तालमीने सारा खेळ तारला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कंबोडियात राहिलेल्यांनीही तो पुन्हा उभा केला. मात्र दोन्हीकडे काम शिक्षकांचेच होते.

८/ ऊम री यांची आठवण त्यांच्या कन्येच्या सहभागाने पुस्तकरूपात आली, हे त्यांचे भाग्य. बहुतेक वस्तादांच्या वाट्याला एवढेही येत नाही. विजेत्यांच्या याद्या कोणीतरी ठेवतेच. त्यांना कोणी घडवले हे विचारणारे थोडे. इतिहासाच्या अभ्यासकाने तो प्रश्न शिक्षक हयात असतानाच विचारायला हवा.