पुन्हा लिंपायचं

मुखपृष्ठावर यंदाचा विषय ‘नाती’ असा छापला आहे आणि संपादकीय निघालं आहे मातीच्या भिंतींवर. या अंकाच्या जुन्या वाचकांना संपादकाची ही खोड ठाऊक आहे. कागद महागला, टपाल महागलं, अंक तरीही निघाला. वर्षाचा आढावा एवढाच.

संपादकाला वर्षभर खुपत राहिलं ते घरांच्या जाहिरातींमधलं ‘मेंटेनन्स-फ्री’चं आश्वासन. रंग, गच्ची, खिडक्या, सगळं एकदा करून घ्या आणि विसरा.

न्यू मेक्सिकोतलं रांचोस दे ताओस हे गाव या मोहात पडून चांगलंच पोळलं. तिथलं कच्च्या विटांचं चर्च एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. जॉर्जिया ओकीफच्या चित्रांमुळे जगभर पोचलेलं. लिंपणाची कटकट मिटावी म्हणून १९६७मध्ये त्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. सिमेंटला चिरा गेल्या. पाणी आत शिरलं, आणि मातीच्या भिंतीला ते बाहेर टाकायला वाट उरली नाही. वरून ठणठणीत दिसणाऱ्या भिंती आतून भिजत गेल्या. शेवटी १९७९मध्ये सिमेंट काढून पुन्हा मातीच लावली. आता दर उन्हाळ्यात गावकरी स्वतः माती आणि गवताचा पेंढा कालवून चर्च लिंपतात.

मालीतल्या जेन्नेच्या मोठ्या मशिदीत तर डागडुजी गृहीतच धरलेली आहे. सध्याची इमारत १९०७ची. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडाचे खुंट ओळीने बाहेर आलेले दिसतात. ते शोभेलाही आहेत, पण लिंपणाच्या दिवशी गवंडी त्यांच्यावरच पाय रोवून वर चढतात. त्याआधी बरेच दिवस चिखलात भाताचा कोंडा घालून तो कुजवत ठेवतात. त्याशिवाय चिखलाला चिकटपणा येत नाही. पोरं तो तुडवतात, बायका पाणी वाहतात आणि पहाटेपासून चिखलाच्या टोपल्या घेऊन पोरांची पळापळ सुरू होते. कोणता मोहल्ला आधी भिंत गाठतो याची चुरस असते. देखरेख ‘बारे तोन’ या गवंड्यांच्या संघाची.

हा गावजेवणासारखा थाट वाचून कोणी गहिवरायच्या आत दुसरी बाजू. २००९च्या नोव्हेंबरात जोरदार पावसाने याच मशिदीच्या एका मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. त्या सुमारास झालेल्या दुरुस्तीत वर्षानुवर्षं साचलेले मातीचे थर आधी उतरवावे लागले. नुसतं थापत राहणं म्हणजे निगा नव्हे.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात हजारो माणसं गेली. दोष मातीवर टाकून सगळे मोकळे झाले. पण तिथल्या भिंती मुख्यतः ओबडधोबड दगडांच्या होत्या. मातीत रचलेल्या, जाडजूड, आणि दोन्ही अंगं बांधून धरणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नसलेल्या. वर धाब्याच्या मातीचं प्रचंड ओझं. हादऱ्यात भिंती फाकल्या. लाकडी खांब-तुळयांचे सांगाडे मात्र कित्येक घरांत उभे राहिले होते.

धाब्यावर पांढरी माती किती चढवायची आणि त्याआधी जुनी किती खरवडायची, हे कळणारा कारागीर लागतोच. घरकुलाचे हप्ते ठरवणाऱ्यांनी त्याच्या मजुरीसाठी निदान एक रकाना तरी ठेवावा.