ॲड्रेनलीनचे माप आपणही जाणावे



उसाच्या फडात मोहोळ उठले म्हणजे कुणाला ना कुणाला मधमाश्या चावतात. बहुतेकांची आग व सूज एक-दोन दिवसांत उतरते. पण एखाद्याच्या सर्वांगावर पित्त उठते, ओठ व जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ही साधी ॲलर्जी नव्हे. घसा सुजून व रक्तदाब उतरून माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. गांधीलमाशीच्या दंशाने किंवा पेनिसिलीनच्या इंजेक्शनानेही क्वचित असेच होते.

यावर पहिले औषध एकच, ते म्हणजे ॲड्रेनलीन. ते रक्तदाब सावरते व श्वासाची वाट मोकळी करते. ॲव्हिलने खाज व पित्त कमी होते, पण अशा वेळी तेवढ्याने जीव वाचत नाही. स्टिरॉईडला गुण यायला काही तास लागतात. म्हणून ही दोन्ही औषधे ॲड्रेनलीननंतरची होत.

आता मापाचे. फवारणीचे औषध तेच असले तरी पाणी किती, यावर सारे अवलंबून असते, हे आपणांस सांगायला नको. इथेही तसेच आहे. नेहमीच्या १ मिलीच्या कुपीत १ मिलिग्रॅम औषध असते. यालाच एकास हजार म्हणतात. प्रौढाला यातले अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत देतात. मुलाला वजनाप्रमाणे, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिली. पाच मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा तेवढेच. एकास दहा हजार हे दहापट पातळ औषध शिरेतून देण्याचे असून ते जाणत्या डॉक्टरांचे काम आहे. घट्ट औषध चुकून शिरेत गेले तर हृदयावर घाला येतो. अशा घोटाळ्यांमुळेच अमेरिकेत २०१६ साली लेबलावरील हे प्रमाण काढून मिलिग्रॅम लिहिण्याचा नियम झाला. आपल्याकडेही सर्वांनी मिलिग्रॅममध्येच बोलावे, असे माझे मत आहे.

सर्पदंशातही हे औषध लागते. सापाच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून करतात, म्हणून ती काहींना बाधते. त्या भीतीने लस नाकारू नये. ॲड्रेनलीन हाताशी असले म्हणजे ही बाधा आवरता येते. कर्नाटक सरकारने २०२४ साली सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. तशीच काळजी या स्वस्त कुपीचीही घेतली जावी.

हे आकडे चर्चच्या पत्रकात कशाला, असे कुणी म्हणेल. सुई आपण टोचायची नाही, हे खरे. पण निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. मोठ्या इस्पितळाच्या ओढीने जवळचे आरोग्य केंद्र ओलांडून जाणे जिवावर बेतू शकते. तेव्हा आधी जवळच्या केंद्रात चला. वाटेत रोग्याला आडवे ठेवून पाय उंच करा, दम लागत असेल तर बसवा, चालवू मात्र नका. सुईनंतर बरे वाटले तरी काही तास तिथेच थांबा, कारण त्रास उलटू शकतो.

हंगामापूर्वी आपापल्या गावच्या केंद्रात जाऊन, ॲड्रेनलीन आहे का, त्याची मुदत संपली नाही ना, एवढे नम्रपणे विचारा. दयाळू शोमरोनी जखमीपाशी थांबला तेव्हा तेल व द्राक्षारस त्याच्याजवळ होते. नुसत्या कळवळ्याने जखम बांधता आली नसती.

आपला,
धर्मगुरू